हँडल नको, नुसती खाच!

ड्रॉवरला हँडल लावणं म्हणजे पाहुण्यांसमोर गंजीफ्रॉकवर बसण्यासारखं आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. पितळी कड्या आणि लाकडी बोंडं आजोबांच्या कपाटाबरोबर गेली. आता ड्रॉवरचा चेहरा कोरा पाहिजे. वरच्या काठाला मागून राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) एक खाच मारायची, पुढे उरलेल्या कडेत बोटं अडकवायची आणि ओढायचं. फक्त ही कड येत्या दिवाळीपर्यंत तुटली पाहिजे, एवढं बघा. त्यासाठी थोडे कष्ट घ्यावे लागतात.

सुरुवात जाडीपासून. १८ मिलिमीटरच्या फळीत १४ मिलिमीटर खोल खाच मारा, म्हणजे पुढे ४ मिलिमीटरची देखणी कड उरेल. मिस्त्री कुरकुरेल, "साहेब, तीन सूत तरी ठेवू या." तीन सूत म्हणजे साडेनऊ मिमी. त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवा. फोटोतला ड्रॉवर कुणी उघडलेला नसतो, त्यामुळे त्याची कड कधी तुटत नाही. जाडी निम्मी केली की वाकण्याविरुद्धची ताकद निम्मी होत नाही, पाव होते, हे मिस्त्रीला गणित न शिकताही माहीत असतं. म्हणून तर तो कुरकुरतो.

मग लाकडाचे तंतू. ड्रॉवरचा दर्शनी फळा सागवानी असेल तर तंतू आडवे, म्हणजे कडेच्या लांबीला धरून जातात. तुम्ही कड पुढे ओढता तेव्हा ती बुडाशी वाकते आणि ताण येतो तो तंतूंना एकमेकांपासून सोलून काढणारा. लाकूड नेमकं तिथेच लेचंपेचं. जळण फोडणाऱ्या कुणालाही विचारा, कुऱ्हाड ओंडक्यात कुठून घालायची ते. तुम्ही तेच काम बोटांनी, हळूहळू, रोज वीस वेळा करणार आहात.

हे आणखी सोपं करायचं असेल तर खाचेचा तळ सरळ बिटने (राऊटरच्या फिरत्या पात्याने) काटकोनात कापा. कड पुढे ओढली की आतली बाजू ताणली जाते, आणि तो काटकोनी कोपरा त्याच बाजूला, कडेच्या बुडाशीच असतो. चीर कुठून सुरू करायची हे लाकडाला वेगळं सांगावं लागत नाही. ८-१० मिमी त्रिज्येच्या गोल बिटने तळ गोलसर ठेवला तर ताण पसरतो, बोट नीट बसतं, फडकंही आत फिरतं. असले तीन-तीन फायदे टाळा.

प्लायचा फळा असेल तर थोडी अडचण आहे. प्लायचे थर आडवे-उभे असल्यामुळे उभे थर कडेला धरून ठेवतात आणि तेवढ्याच जाडीची कड सागवानापेक्षा चिवट निघते. पण खाच पुरेशी खोल मारलीत तर ४ मिमीत दोन-तीनच थर शिल्लक राहतील आणि हा प्रश्नही सुटेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली फळी असेल, तर काहीच करू नका. त्याचा पृष्ठभाग कडक, पोट भुसभुशीत, आणि खाच पोटातच जाते. ओल्या हाताचं पाणी बाकीचं काम करेल.

बोटाला जागा किती ठेवायची? मोठ्या माणसाचं बोट साधारण १५ ते २० मिमी जाड असतं, म्हणून वरच्या ड्रॉवरपासून फट ३ मिमी ठेवा. २० मिमी फट ठेवली की बोटं आरामात जातात आणि चेहऱ्यावरच्या रेघांचा तोल बिघडतो. फट अरुंदच हवी असेल तर वरच्या फळ्याच्या खालच्या काठाला मागून ४५ अंशांत तासता येतं, पण मग ज्यांची नखं वाढलेली आहेत त्यांची सोय होईल.

ओट्याखालचा पहिला ड्रॉवर तर पर्वणीच. ग्रॅनाइट पुढे २०-२५ मिमी आलेलं असतं, त्यामुळे बोट आधी दगडाला आपटतं. डाव्या हाताला कणीक लागलेली आहे, तव्यावर पोळी करपते आहे आणि चिमटा त्याच ड्रॉवरमध्ये आहे: तुमच्या खाचेची खरी परीक्षा ही. उजव्या हाताचं एकच बोट एका टोकाला अडकतं आणि जोरात हिसका बसतो. आत वीसेक किलो भांडी, खाली सॉफ्ट-क्लोज चॅनेल, म्हणजे ड्रॉवर शेवटी हळूच आत ओढून घेणारी सरकपट्टी. ते बंद होताना जितकं मवाळ, उघडताना तितकंच हट्टी, कारण सुरुवातीच्या ओढीतच त्याची स्प्रिंग ताणायची असते. त्यात फळे अस्सल लाकडाचे असतील आणि फटी काटेकोर, तर पावसाळ्यात आणखी रंगत. २०० मिमी उंचीचा सागवानी फळा लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला की दीड-दोन मिमी फुगू शकतो. फुगून अडकलेला ड्रॉवर कुणी हळुवार ओढत नाही.

आतली पेटीही विसरू नका. पेटीची पुढची फळी खाचेच्या तळापर्यंत आणली आणि वरचे स्क्रू तिथून १५-२० मिमी खाली मारले, तर कडेच्या बुडाला पाठीमागून आधार मिळतो. तेव्हा स्क्रू अगदी खाली मारा. खाचही या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. दोन्ही टोकांना ४०-५० मिमी भाग अखंड सोडला तर कड तीन बाजूंनी धरलेली राहते, आणि तिला सुटायला वावच राहत नाही.

राऊटर चालवताना १४ मिमी एका दमात कापा. तीन-तीन मिमीचे फेरे घेणारे लोक चहा प्यायला वेळ काढत असतात. शेवटाला टाकाऊ फळी टेकवू नका, म्हणजे बिट बाहेर पडताना छानशी ढलपी उडेल. कडेची धार सुरीसारखी ठेवा. दोन मिमीची गोलाई मारली की धार दबते आणि बोटाला टोचतही नाही. पॉलिश फक्त समोरून करा. आत कोण बघतं? आतलं कोरं लाकूड तेल पितं, हळद पितं, आणि सहा महिन्यांत खाचेला लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचा रंग येतो.

आधी पॉलिशमध्ये केसाएवढी पांढुरकी रेघ दिसेल, कडेला समांतर. ती पडली त्या दिवशी सुताराचा पांढरा गोंद आत उतरवून क्लॅम्प लावून रात्रभर ठेवला, तर जोड मूळ लाकडाइतका पक्का होऊ शकतो, कारण तंतू लांबीनेच एकमेकांना चिकटतात. पण तुम्ही थांबा. चिरेत तेल शिरू द्या, मग कुठलाच गोंद धरणार नाही. एका सकाळी फूटभर पट्टी अखंड हातात येईल. मग मिस्त्रीला बोलवा, तुटका काठ सारखा करून घ्या आणि फळ्याच्या मधोमध दोन भोकं पाडून घ्या. अंतर ९६ मिमी ठेवायला सांगा, त्या मापाची हँडलं बाजारात सहज मिळतात.