‘मग परत या’ या सूचनेविषयी

सप्रेम नमस्कार.

जर्मनीतील वास्तव्याची नवलाई ओसरल्याचे मी लिहिले, त्यावर आपण दोन गोष्टी सुनावल्या आहेत. युरोमध्ये पगार घेऊन त्याच देशाला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा आहे, आणि इतका जाच होत असेल तर मी सरळ परत यावे.

नवलाई ओसरणे म्हणजे देश नावडता होणे नव्हे. येथील रविवारच पाहा. जर्मनीच्या १९१९ च्या, वायमार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीची तरतूद १९४९ च्या राज्यघटनेनेही कायम ठेवली, हे प्रथम वाचले तेव्हा या समाजाविषयीचा माझा आदर दुणावला होता, आणि तो आजही कमी झालेला नाही. मात्र सुट्टीचा तो एकच निवांत दिवस हाताशी असताना भिंतीला ड्रिल लावता येत नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकता येत नाहीत आणि शनिवारी राहून गेलेला बाजार सोमवारपर्यंत राहूनच जातो, तेव्हा त्या शांततेचे कौतुक करणे निराळे आणि ती जन्मभर पाळणे निराळे, हे उमगते. पाहुण्याला नियम दिसतात, रहिवाशाला ते लागू होतात. माझ्या लेखाचा विषय एवढाच होता.

रेल्वेबद्दलच्या माझ्या वाक्याचा आपल्याला विशेष राग आलेला दिसतो. २०२४ मध्ये येथील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हिशेबात न धरता. हे आकडे खुद्द रेल्वेचे आहेत. फलाटावर त्याविषयी सर्वांत कडवट बोलतात ते जर्मनच (माझी तक्रार त्यापुढे फारच सौम्य ठरावी), आणि त्यांना कोणी कृतघ्न म्हणत नाही. लोकलला रोज शिव्या घालणाऱ्या मुंबईकरालाही आपण गाव सोडायला सांगत नाही. मग कर भरणाऱ्या, त्याच फलाटावर ताटकळणाऱ्या परदेशी माणसाने तेवढे कायम भारावलेलेच राहावे, ही अपेक्षा का?

परत येण्याविषयी लिहिताना आपण तो निव्वळ तिकिटाचा प्रश्न मानला आहे. जून २०२४ पासून येथे सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि जर्मनी जुने नागरिकत्व सोडायला लावत नाही. आपला कायदा मात्र स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपुष्टात आणतो. त्यानंतर ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते ओळखपत्र) भारतात कायम राहता येते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांच्या दृष्टीने यातील दुसरी अट अधिक जिव्हारी लागणारी आहे, तर पत्नीला दर नूतनीकरणाच्या वेळी येथील वास्तव्याच्या परवान्यासाठी घालावे लागणारे खेटे नकोसे झाले आहेत. अर्ज करावा की नाही, यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.