कोकणात पाणी फुकट? कुणाच्या विहिरीतलं?

‘शहरात पन्नास हजारांत भागत नाही, कोकणात दहा हजारांत राजासारखे राहा’ असा एक मेसेज पावसाळा लागला की फिरायला लागतो. त्यातले मुद्दे ठरलेले. पाणी फुकट, भाजी परसातली, मासे दारात, एसी लागत नाही, जमीन मातीमोल. आणि शेवटी ठसका: निसर्गाने एवढं देऊनही कोकणी माणूस गरीब, कारण तो आळशी, जरा केरळ बघा. यंदा तो माझ्या आतेभावाने पुण्याहून घरच्या ग्रुपवर टाकला. त्याचं एक वेळ सोडा, त्याला कोकणात प्लॉट घ्यायचाय. पण गावातल्या काकूनेही त्या मेसेजला हात जोडले, आणि ती स्वतः एप्रिल लागला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसते. म्हणून लिहितोय.

आधी पाणी, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. पाऊस पडतो, नाकारतंय कोण? रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. 1999 च्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा, म्हणजे चितळे आयोगाचा हिशेब आजही सगळे वापरतात. राज्यातल्या नद्यांत वर्षाला सरासरी 164 अब्ज घनमीटर पाणी येतं आणि त्यातलं 69 अब्ज एकट्या कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांत. राज्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जमिनीवर चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी. मेसेजवाले एवढंच वाचून नाचतात.

ते पाणी राहतं कुठे, हे कुणी विचारत नाही. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात जागाच पन्नास-साठ किलोमीटरची. काल घाटात कोसळलेला पाऊस आज खाडीत. जमिनीत मुरावं म्हटलं तर खाली जांभा, म्हणजे भोकाभोकांचा लाल दगड. तो पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. त्या भोकांतून खालच्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, सोडून मोकळा होतो. जुलैत ज्या विहिरीत नुसतं वाकून कळशी भरते, तिचा मार्च-एप्रिलात तळ दिसतो. बोअर मारा म्हणणारे शहाणे भेटतात. लागलं तर लागलं, नाहीतर पैसे मातीत. मातीत तरी कुठे, दगडात.

धरणं का नाहीत? काही आहेत. पण आखूड खोरी, खोल दऱ्या आणि पायऱ्यापायऱ्यांचे कुणगे, म्हणजे भाताची छोटी छोटी खाचरं. असल्या उतारावर कालवा न्यायचा तर देशावरच्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च, आणि भिजणार चार वाड्या. सगळ्यांत चीड येते ती कोयनेच्या पाण्याची. कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायला दिलंय. बोगद्यांतून खाली येऊन, वीज करून ते वाशिष्ठीत पडतं आणि बहुतेक समुद्राला मिळतं. वाशिष्ठी चिपळुणातून वाहते. त्याच चिपळूण तालुक्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि त्याच चिपळूणच्या बाजारपेठेत 22 जुलै 2021 ला माणूस बुडेल एवढं पाणी होतं. फुकटच होतं तेही.

पाऊस इथे घरच्या जमेपेक्षा खर्चाच्या बाजूला जास्त लिहावा लागतो. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी करायची: तांदूळ, सुकी मासळी, मसाला, सरपण. कौलं चाळायची, फुटकी बदलायची. वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झाप नाहीतर पत्रे. ताडपत्री एका पावसाळ्यात फाटते, दरवर्षी नवी. खाऱ्या हवेने ग्रिल, सायकल, फ्रिजची मागची बाजू, सगळ्याला गंज. वादळात वीज गेली की दोन दोन दिवस येत नाही, म्हणून इन्व्हर्टर. आणि हे सगळं चार महिन्यांच्या आत बसत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडच्या माड-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ आज लावली तर पाच-सात वर्षांनी सुपारी देते. तोवर त्या घराने काय ‘राजासारखं’ राहायचं, ते मेसेजात नाही.

परसातली भाजी पावसाळ्यात होते: पडवळ, दोडकी, भेंडी, काकडी. नंतर पाणी आहे त्याच्याकडेच. बाजारातले कांदे, बटाटे, कोबी, टोमॅटो घाट उतरून कोल्हापूर-बेळगावकडून येतात, दूधही बरंचसं तिकडचंच. दरड कोसळून घाट बंद झाला की भाव काय होतो ते इथल्या बाईला विचारा. मासे दारात येतात हे खरं, पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि एरवीही चांगला पापलेट, सुरमई मुंबई-गोव्याच्या भावाने जाते. आम्हाला बांगडा. बांगडा उत्तम असतो, तक्रार नाही.

एसी लागत नाही म्हणणारा ऑक्टोबरात कधी आलेला नाही. पुढे.

आता केरळ. तोच समुद्र, तोच डोंगर, तेवढाच पाऊस, मग त्यांना जमतं आणि तुम्हाला का नाही? कारण पाऊस तेवढाच असला तरी वाटणी वेगळी आहे. केरळात जूनचा पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा मोठा पाऊस येतो, आणि एप्रिल-मेमध्ये वळीवही चांगले पडतात. कोकणात जवळजवळ सगळं चार महिन्यांत आटोपतं आणि दिवाळीनंतर आभाळ कोरडं, ते थेट जूनपर्यंत. रबर, मिरी, माड यांना हा सहा-सात महिन्यांचा उपास शिंपण्याशिवाय झेपत नाही. झेपतो तो आंब्या-काजूला, म्हणून इथलं अर्थकारण मोहरावर टांगलेलं. थंडी उशिरा पडली किंवा मोहरात अवकाळी झाली की वर्ष गेलं. आणि हो, केरळची सुबत्ता शेतातली किती आणि आखाती देशांतून आलेली किती, हेही एकदा बघा. आमच्याकडे मुंबईची मनीऑर्डर होती, एवढाच फरक.

‘आळशी’ला दोनच गोष्टी सांगतो. मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा याच जिल्ह्यांतली माणसं तिथे पाळ्यांत राबत होती, आणि मागे राहिलेल्या बायका गुडघाभर चिखलात लावणी करत होत्या. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बाया आहेत. पुरुष कुठे गेले, ते यावरून कळावं. दुसरं म्हणजे, 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा याच लोकांनी डोंगरच्या डोंगर आंबा-काजूखाली आणले. काहींनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले आणि बाहेरची माती आणून भरली.

जमीन पडीक आहे, हे मात्र कबूल करतो. खूप आहे. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, सहीला कुणी येत नाही. जो कसतो त्याच्या भाताला डुकरं, नाचणीला वानरं. बागेत राखणीला नेपाळहून माणसं आणावी लागतात. यात आमचा भाऊबंदकीचा दोष आहेच.

आणि ती ‘मातीमोल’ जमीन. जी खरोखर स्वस्त मिळते ती बहुतेक सडा असते, म्हणजे उघडा कातळ. एजंट ती जुलै-ऑगस्टात दाखवतो, गुडघाभर हिरवं गवत आणि वरून खळाळते ओहोळ. आतेभावाला मी फोनवर एवढंच विचारलं, की शेजारची विहीर किती फूट आहे आणि मेमध्ये तिला पाणी असतं का. एजंटला विचारून सांगतो म्हणाला.