कापूस आयातशुल्काची माफी आणि ३१ डिसेंबर ही तारीख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कापसावरील आयातशुल्क माफीच्या मुदतवाढीचे समर्थन करणाऱ्या माझ्या सप्टेंबर २०२५ मधील लेखावर आपण यवतमाळ जिल्ह्यातून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला. आपण मांडलेल्या दोन मुद्द्यांचा हिशेब मला स्वतः करून पाहायचा होता, आणि तो केल्यावर माझे मत जिथे बदलले तिथे ते बदलले असे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटले.

मूळ लेख ज्यांच्या वाचनात आलेला नाही त्यांच्यासाठी विषय थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर २०२५ या काळापुरते माफ केले. २७ ऑगस्टपासून अमेरिकेचे आणखी २५ टक्के शुल्क लागू होऊन भारतीय मालावरील एकूण भार ५० टक्क्यांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या सरकारने ही माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. वस्त्रोद्योगाला या झगड्यात तग धरता यावा म्हणून हे योग्यच झाले, असे मी लिहिले होते. आपले आक्षेप असे, की निर्यातदाराला शुल्कमुक्त कापूस आधीपासूनच मिळतो, माफीचा फायदा सूतगिरण्यांच्या पलीकडे झिरपत नाही, आणि मुदतवाढीने ऐन वेचणीत शेतकऱ्याचा भाव पाडला. शेवटी आपण लिहिले आहे, "तुमच्या भागात कापूस पिकत नाही, म्हणून तुम्हाला तो फक्त कच्चा माल दिसतो."

हे शेवटचे वाक्य मला लागले, आणि त्यात तथ्य आहे म्हणूनच लागले. आमचे विटा हे यंत्रमागांचे गाव. आमच्या घरी बारा साधे माग आहेत आणि लहानपणापासून मी सुताची बाचकी पाहिली, बोंड फुटलेले शेत पाहिले ते पुढे कधीतरी प्रवासात. पण आयातीने भाव कोसळल्यावर घरात काय होते, हे सांगली जिल्ह्यात राहून कळत नाही असे मात्र नाही. माझ्या मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. या वर्षी बेदाण्याला बरा भाव मिळत असताना चिनी बेदाणा आडवाटेने देशात येत असल्याची तक्रार इथल्या उत्पादकांनी जाहीरपणे केली. अफगाणिस्तानच्या मालाला साफ्टा या दक्षिण आशियाई देशांमधल्या व्यापार कराराखाली शुल्कसवलत आहे आणि तिचा आडोसा घेऊन दुसऱ्याच देशाचा माल आत येतो, असे त्यांचे म्हणणे होते. मामांनी शीतगृहात ठेवलेला माल काढावा की थांबावा, या विचारात दोन महिने घालवले. फवारण्या, शेडचे भाडे, मजुरी, सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि भाव मात्र कुठल्या तरी बंदरावर ठरतो. बेदाण्याच्या वेळी मी मामांच्या बाजूने बोललो आणि कापसाच्या वेळी गिरणीच्या बाजूने लिहिले, हा विसंवाद आपण दाखवून दिलात. तो मला मान्य आहे.

आता हिशेबाकडे येतो. हे ११ टक्के २०२१ च्या अर्थसंकल्पातून आले. त्यात ५ टक्के मूळ सीमाशुल्क आहे, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आहे, आणि या दोन्हींवर मिळून समाजकल्याण अधिभार आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. सरकीला किलोमागे ३५ रुपये धरले तर तिचे २,२४० रुपये होतात. उरलेले ५,८७० रुपये ३४ किलो रुईवर पडतात, म्हणजे किलोला १७२ रुपयांहून थोडे अधिक, आणि त्यात जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा, खर्च धरलेला नाही. परदेशी रुई बंदरावर १५० रुपये किलोने उतरते असे धरले तर शुल्कासह ती १६६ रुपये ५० पैशांना पडते आणि शुल्काविना १५० लाच राहते. सरकीचा आणि बंदरावरचा भाव मी हिशेबापुरते धरले आहेत, ते रोज हलतात, पण अंतराचा अंदाज त्यावरून येतो. शुल्क असेल तर हमीभावाने घेतलेला कापूस आणि आयात कापूस जवळजवळ बरोबरीने चालतात. शुल्क उठले की किलोमागे आणखी साडेसोळा रुपयांची दरी पडते. हीच दरी शेतकऱ्याच्या भाषेत मांडली तर क्विंटलमागे सुमारे ५६० रुपये होतात. जिनिंगवाला आयातीच्या बरोबरीने भाव द्यायला बसला, तर त्याला शुल्क असताना ७,९०० च्या आसपास परवडते आणि नसताना ७,३४०. मूळ लेखात 'शेतकऱ्यावर फारसा परिणाम होणार नाही' असे मी लिहिले होते. ते वाक्य चुकीचे होते.

दुसरा हिशेब माझ्याच बाजूच्या युक्तिवादाचा केला. एका साध्या शर्टाला वाया जाणारा भाग धरून ३०० ग्रॅम रुई लागते असे समजू. माफीमुळे त्यात पाच रुपये वाचतात. तोच शर्ट निर्यातीच्या वेळी ५०० रुपयांचा असेल तर अमेरिकेच्या बंदरावर त्याला त्या वेळच्या ५० टक्क्यांच्या दराने २५० रुपये शुल्क पडायचे. बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावर हेच शुल्क तेव्हा २० टक्के होते, म्हणजे १०० रुपये. दीडशे रुपयांची दरी पाच रुपयांनी भरत नाही. अमेरिकेच्या शुल्काला दिलेले उत्तर म्हणून या माफीकडे पाहणे, जे मी केले होते, हे आकड्यांवर टिकत नाही.

निर्यातदारांसाठीच्या ॲडव्हान्स ऑथोरायझेशन या परवाना योजनेबद्दलच्या आपल्या मुद्द्यावर मात्र मी पूर्ण सहमत नाही. कागदावर आपण म्हणता ते बरोबर आहे. निर्यातीचे बंधन स्वीकारणाऱ्याला कच्चा माल शुल्काविना आणता येतो. साधारणपणे परवान्यावर आयातीसाठी १२ महिने आणि निर्यात पूर्ण करण्यासाठी १८ महिने मिळतात, किमान १५ टक्के मूल्यवर्धन दाखवावे लागते, आणि बंधपत्रापासून निर्यातीच्या पुराव्यापर्यंत सगळी कागदपत्रे सांभाळावी लागतात. मोठ्या, सूत ते कपडा असे सगळे एका छताखाली करणाऱ्या कंपनीला हे जमते. आमच्याकडची साखळी तशी नाही. गिरणी सूत विकते, व्यापारी ते खळ लावण्यासाठी सायझिंगला पाठवतो, ताण्याचे सूत गुंडाळलेले बीम मजुरीवर विणणाऱ्या खर्चीवाल्याकडे येते, कच्चे कापड प्रोसेसला जाते, आणि निर्यातदार त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर उभा असतो. या साखळीतल्या बहुतेकांच्या नावावर परवाना नसतो आणि आपले कापड शेवटी देशात विकले गेले की परदेशात, हे त्यांना कळतही नाही. तेव्हा योजना आहे म्हणून गरज नाही, असे म्हणता येणार नाही. त्या योजनेची वाट लहान गिरणीपर्यंत कशी नेता येईल, हा प्रश्न सरसकट माफीपेक्षा अधिक कामाचा होता, आणि तो विचारला गेला नाही.

फायदा खाली झिरपत नाही हे आपले म्हणणे मी माझ्या घरातूनच पडताळून सांगू शकतो. खर्चीवाल्याचे सूत स्वतःचे नसते, त्याला पिकाच्या, म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, दराने मजुरी मिळते. रुई स्वस्त झाली म्हणून पिकाचा दर वाढला असे आमच्याकडे कधी घडलेले नाही. खर्चीवाल्याला कळते ते एवढेच, की बीम येते की नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बारापैकी पाच मागांवर बीम संपले आणि नवे आले नाही, कारण ज्या व्यापाऱ्याचे काम आम्ही करतो त्याची पुढची मागणी निर्यातदाराने थांबवून ठेवली होती. बारा माग चालू असले की शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. त्या आठवड्यात कामगार हळू आवाजात बोलत होते आणि मला ते स्पष्ट ऐकू येत होते. मूळ लेख मी त्याच दिवसांत लिहिला. उद्योगाला कुठून का होईना आधार मिळू दे, ही भावना त्यात होती आणि तिची मला खंत नाही. पण हा आधार क्विंटलमागे ५६० रुपये कोणाच्या खिशातून काढून दिला जात होता, हे मी तेव्हा पाहायला हवे होते.

आपल्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा तारखेचा आहे, आणि त्यावर आपण एकच ओळ लिहिली आहे. मी थोडे विस्ताराने लिहितो. हीच माफी सरकारने २०२२ मध्येही दिली होती. १४ एप्रिल ते ३० सप्टेंबर अशी तिची मुदत होती आणि नंतर ती ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवली गेली. त्या हंगामात कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजारात कापूस दहा हजारांच्या वर विकला जात होता. ३५६ किलोच्या रुईच्या खंडीने लाख रुपये ओलांडले होते. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला माल बहुतांशी विकून झालेला, भाव हमीच्या कितीतरी वर, आणि गिरण्यांना माल मिळेना, अशा वेळी दार उघडले आणि नवी आवक जोर धरण्याच्या सुमारास ते बंद केले. यंदा हमीभाव आधीच बाजारभावाच्या वर होता. आवकेचा जोर ऑक्टोबरपासून पुढे असतो, दिवाळीला हातात पैसा लागतो म्हणून लहान शेतकरी पहिल्या वेचणीचा कापूस थांबवू शकत नाही, आणि नेमके हेच तीन महिने मुदतवाढीत आले. ३० सप्टेंबरपर्यंतची पहिली माफी मी आजही समर्थनीय मानतो, कारण हंगाम संपत आलेला होता. ३१ डिसेंबरपर्यंतची वाढ मी आता समर्थनीय मानत नाही. जून-जुलैमध्ये पेरणी करताना शेतकऱ्याने ११ टक्क्यांची भिंत गृहीत धरलेली होती, पीक उभे असताना ती पाडली गेली.

अशी सवलत वेगळ्या पद्धतीने देता येते याचे उदाहरण, विचित्र वाटेल, पण अमेरिकेच्याच व्यवहारात आहे. चिनी मालावर त्यांनी २०१८ पासून त्यांच्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली जे शुल्क लावले, त्यातून २०२५ मध्ये १७८ नोंदींना सूट होती. ती सूट ३१ मेपर्यंत होती, तिथून ३१ ऑगस्ट आणि तिथून २९ नोव्हेंबर २०२५ अशी वाढत गेली. दर तीन महिन्यांनी टांगती तलवार ठेवण्याची ही रीत कारखानदाराला त्रासाचीच आहे, तिचे कौतुक मी करणार नाही. पण प्रत्येक नोंदीत नेमक्या वस्तूचे वर्णन असते आणि सूट देताना ती वस्तू चीनबाहेर मिळते का हे विचारात घेतले जाते. आपल्याकडेही हे होऊ शकते, कारण झालेले आहे. ३२ मिलिमीटरपेक्षा अधिक लांब धाग्याच्या कापसाला फेब्रुवारी २०२४ पासून आयातशुल्क नाही. तो कापूस भारतात फार थोडा होतो, आणि त्याच्या आयातीने यवतमाळच्या किंवा जालन्याच्या शेतकऱ्याचे काही जात नाही. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात ५१,००० टनांची शुल्कमुक्त मर्यादा आहे, म्हणजे परिमाण ठरवूनही सवलत देता येते. यंदाच्या मुदतवाढीत धाग्याची लांबी, परिमाण, निर्यातीशी संबंध, यांपैकी एकही अट नव्हती.

तरीही शुल्क ११ वरून वाढवून कापसाची आयात जवळजवळ थांबवावी, ही आपली सूचना मला मान्य करता येत नाही. २०१३-१४ मध्ये देशात ३९८ लाख गाठी कापूस झाला होता, आज तो ३०० लाखांच्या आसपास आहे. गुलाबी बोंडअळी, घटलेली उत्पादकता आणि नव्या वाणांचा अभाव यांनी ती घट झाली, आयातीने नव्हे. आपल्या कापसाचे पहिले गिऱ्हाईक देशातली गिरणी आहे आणि तिचे गिऱ्हाईक आमचा माग. गिरणीला शेजारच्या देशांपेक्षा कायम महाग रुई घ्यावी लागली, तर ती सूत कमी कातेल किंवा पॉलिएस्टरकडे वळेल. विट्यात आणि इचलकरंजीत अनेक शेडमध्ये हे वळण मी पाहिले आहे, आणि एकदा पॉलिएस्टरवर गेलेला माग सुती कापडाकडे सहसा परत येत नाही.

राहिला प्रश्न २०२५-२६ च्या हंगामाचा. हमीभावाखाली कोणाचे नुकसान होणार नाही, कारण सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारे केंद्र सरकारचे कापूस महामंडळ, खरेदीला उभी आहे, असेही मी लिहिले होते. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, ८ ते १२ टक्क्यांमध्ये कपात करते, आणि १२ च्या वर माल घेत नाही. त्यात यंदा कपास किसान ॲपवरची नोंदणीही आवश्यक केली आहे. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानंतर पहिल्या वेचणीचा किती कापूस १२ च्या आत बसला असेल, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. ज्याचा माल केंद्रावरून परत जातो त्याच्यासाठी हमीभाव नसतोच, त्याला खुल्या बाजारात आयात रुईशी सामना करावा लागतो.

मूळ लेखातील 'फारसा परिणाम होणार नाही' हे वाक्य आणि सीसीआयबद्दलचा परिच्छेद मी आज बदलला आहे आणि बदल का केला याची टीप आपल्या प्रतिक्रियेच्या उल्लेखासह तिथे दिली आहे. ३१ डिसेंबरनंतर ही माफी पुन्हा वाढवू नये, किमान ३२ मिलिमीटरखालच्या कापसाला तरी लावू नये, अशा अर्थाचे पत्र मी वस्त्रोद्योग मंत्रालयाला पाठवत आहे आणि त्यावर विट्यातल्या काही मागधारकांच्या सह्या घेण्याचा प्रयत्न करतो आहे. काल चार जणांशी बोललो. दोघांनी सही केली, एकाने विचार करतो म्हटले, आणि एकाने नकार दिला, कारण त्याचे सहा माग अजून बंद आहेत. आपल्या भागातील खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या कारणाने परत गेलेल्या मालाच्या नोंदी आपल्याकडे असल्यास कृपया पाठवाव्यात. नावे आणि गटक्रमांक झाकून त्या मी पत्रासोबत जोडेन.

आपला स्नेहांकित