‘ऑपरेशनआधी एकदा तरी पिल्लं होऊ द्या’ : फिरत्या मेसेजला उत्तर

कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन करण्याआधी तिला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, त्याने गर्भाशयाचे आजार आणि गाठी टळतात, बाळंतपण निसर्ग करून घेतो, गाभण असताना कॅल्शियमचं सिरप चालू ठेवावं, दूध कमी पडलं तर गाईचं पाजावं, आणि महिनाभरात पिल्लं विकून खर्च निघतो. यातली काही वाक्यं नुसती चुकीची आहेत, काही जिवावर बेतणारी.

आधी तब्येतीचं. गर्भाशयात पू होतो त्या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. माज संपला की पिल्लं असोत वा नसोत, सुमारे दोन महिने शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेलं राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं आणि आत शिरलेले जंतू तिथेच वाढतात. एका बाळंतपणाने हे चक्र थांबत नाही. सहा-सात महिन्यांनी पुढचा माज येतोच. ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी सुमारे पाचातल्या एकीला वयाच्या १० वर्षांच्या आत हा आजार होतो. माजानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री फार पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करा. स्तनांच्या गाठींचंही तसंच. धोका कमी होतो तो लवकर ऑपरेशन केल्याने, पिल्लं झाल्याने नव्हे. मोठ्या जातींत हाडांची वाढ पाहून ऑपरेशनची वेळ ठरवावी लागते, पण तो हिशेब डॉक्टरांबरोबर बसून करायचा.

आता ‘निसर्ग करून घेतो’. यावर नेहमीचा युक्तिवाद असा की बिल्डिंगच्या जिन्याखाली रस्त्यावरची कुत्री विते, तिला कुठे डॉक्टर लागतो? एक तर तिची जी पिल्लं दगावतात ती कुणी मोजत नाही. दुसरं, तिच्या पिल्लांची डोकी तिच्या कमरेतून निघतील अशाच बेताची असतात. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांची तशी नसतात. त्यांच्यात सिझेरियन धरूनच चालावं. पोटात एकच पिल्लू असेल तर तेही मोठं होऊन अडकू शकतं, मग जात कोणतीही असो.

म्हणून तारखा लिहून ठेवा. मेटिंगपासून साधारण ६३ दिवस, पण ५८ ते ६८ यांतला कोणताही दिवस असू शकतो. २८-३० व्या दिवशी सोनोग्राफी, ५५ व्या दिवसानंतर एक एक्स-रे. पिल्लं नेमकी किती ते एक्स-रेच सांगतो, आणि ‘झालं का सगळं?’ या रात्री तीनच्या प्रश्नाचं दुसरं भरवशाचं उत्तर नाही. ५८ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घ्या. एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं. ते ९९ च्या खाली उतरलं की बहुतेकदा २४ तासांत कळा सुरू होतात.

जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा-काळा स्राव आला, तर वाट पाहू नका. हिरवा रंग म्हणजे वार (पिल्लाला गर्भाशयाशी जोडणारा, नाळेच्या टोकाचा भाग) सुटली आहे आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटतोय. ‘कळांचं इंजेक्शन आणून ठेवा’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ऑक्सिटोसिन, म्हणजे हेच इंजेक्शन, दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण रात्री आपल्या भागात सिझेरियन कोण करतं हे ५५ व्या दिवशीच फोन करून विचारून ठेवावं. जुलैत परळजवळ हिंदमाताला पाणी भरलं की बोरिवलीहून परळ गाठणं विसराच.

बाळंतपणाची पेटी कुत्रीच्या लांबीच्या दीडपट हवी. आतून भिंतीपासून आणि जमिनीपासून चार-चार इंचांवर दांडा बसवा, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लू मागे चिरडत नाही. पिल्लू पिशवीसकट आलं आणि आईने ती फाडली नाही तर तुम्ही फाडा, नाक-तोंड पुसा, कोरड्या टॉवेलने पाठ चोळा. पिल्लू धरून हवेत झटकायची जुनी पद्धत सोडा, त्याने मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर सोडून दोऱ्याने बांधून कापा. किती वार पडल्या ते मोजा. प्रत्येक पिल्लाची एक.

सगळ्यात जास्त पिल्लं जातात ती गारठ्याने. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरताही येत नाही. पेटीच्या एका कोपऱ्यात २९ ते ३२ सेल्सियस हवं, दुसरा कोपरा थोडा थंड, म्हणजे धापा टाकणारी आई तिकडे सरकू शकते. माणसांसाठी लावलेला एसी इथे घात करतो. मुंबईच्या उन्हाळ्यात एसी बंद ठेवला तरी पुष्कळदा भागतं. पावसाळ्यात मात्र ओलसर अंथरूण हा खरा शत्रू. दिवसातून तीन-चार फडकी बदलावी लागतात आणि गॅलरीत ती वाळत नाहीत, तेव्हा जुन्या चादरींचा गठ्ठा आधीच जमवा.

दुधाकडे वळू. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि चरबी असते, साखर मात्र कमी. त्यामुळे गाईच्या दुधाने पोट भरत नाही आणि जुलाब लागतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर आधीच घरात असू द्या आणि डब्यावरच्या मापानेच करा. त्याहीआधी चीक, म्हणजे विल्यावरचं आईचं पहिलं घट्ट दूध : तो पहिल्या बारा-चोवीस तासांत पोटात गेलाच पाहिजे. पिल्लू अंगाला गार लागत असेल तर आधी शेकून ऊब द्या, मगच दूध; गार पिल्लाचं आतडं चालत नाही आणि दूध फुप्फुसात जातं. पाजताना पालथंच ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट झालं पाहिजे, आणि दोन दिवस सलग वाढलं नाही तर पिल्लू दाखवा.

कॅल्शियमचं सिरप हा या मेसेजमधला सर्वांत गोंडस दिसणारा घातक सल्ला. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते ओढून काढणारी ग्रंथी सुस्तावते. विल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुधाची मागणी शिगेला पोहोचते आणि रक्तातलं कॅल्शियम एकदम पडतं. कुत्री धापा टाकते, थरथरते, पाय ताठ होतात, मग झटके येतात. पामेरियन, शिह त्झूसारख्या लहान जातींत हे जास्त दिसतं. पिल्लं लगेच बाजूला करा आणि दवाखाना गाठा. शिरेतून हळूहळू कॅल्शियम द्यावं लागतं, ते घरी होत नाही. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांपासून चांगल्या प्रतीचं पपी फूड दिलं तर वेगळं सिरप लागत नाही.

राहिला पैसा. २०१७ च्या केंद्राच्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ‘महिनाभरात’ इथेच निकालात निघतं. या आठ आठवड्यांत जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, आणि हे सगळं गुणिले पिल्लांची संख्या. सिझेरियन झालं तर हिशेब मांडायचीही गरज नाही. पाचव्या आठवड्यातच पिल्लू मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा : आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तेव्हा ओसरत असते, नवीन घराचा ताण आणि पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) एकाच वेळी गाठतात, शिवाय चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू याच दिवसांत भावंडांकडून शिकत असतं.

पिल्लं गेली, दूध आटलं, की कुत्रीचं ऑपरेशन पुढच्या माजाची वाट न पाहता उरकून घ्या.