हा सामना धरत नाहीत

मोसमाआधीच्या सराव सामन्याचा निकाल मनावर घ्यायचा नसतो, असं फुटबॉलमध्ये सगळेच सांगतात. ज्यांच्या क्लबला शंभर वर्षांचा इतिहास आहे, त्यांचं सांगायला काय जातंय? आमचा संघ कोरा करकरीत. करंडकांचं कपाट रिकामं, हाडवैरी म्हणावा असा एकही संघ नाही, ‘आमच्या वेळचा स्ट्रायकर बघायला हवा होतात’ म्हणून उसासे टाकणारे म्हातारेही नाहीत. क्लबच्या अख्ख्या इतिहासात आजवर एकच सामना झालाय आणि तो आम्ही चार-शून्यने हरलोय. तोच धरायचा नाही म्हटलं, तर मी समर्थक नेमका कशाचा?

बरं, हरलो ते खालच्या श्रेणीतल्या संघाकडून. त्यांची लीग आमच्या आधी सुरू होते, त्यामुळे त्यांचे पाय मोकळे झालेले. आमच्या पोरांना प्रशिक्षकांनी सकाळ-संध्याकाळ पळवून पळवून पार पिळून काढलेलं. हे कारण शंभर टक्के खरं आहे. पण खरं कारणसुद्धा चौथ्या गोलनंतर आठवलं की सबबच वाटते.

सामना ऑनलाइन दिसला, एकाच कॅमेऱ्यातून. समालोचन नाही. माइकमध्ये घोंघावणारा वारा आणि मधूनमधून प्रशिक्षकांचं ‘वर सरका, अरे वर सरका!’ २०२० मध्ये स्कॉटलंडच्या इन्व्हरनेसमधल्या एका सामन्यात स्वयंचलित कॅमेरा लाइनमनच्या टकलालाच चेंडू समजून त्याच्यामागे फिरत राहिला होता. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आमचा कॅमेरा हाडामांसाचा माणूस चालवत होता आणि दुसरा गोल झाला तेव्हा तो राखीव खेळाडूंचं पाय ताणणं मन लावून दाखवत होता. ओरडा ऐकू आला, कॅमेरा गर्रकन वळला, तोवर आमचा गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढत होता.

पहिला गोल मात्र अगदी स्वच्छ दिसला. २०१९ पासून गोलकिकचा, म्हणजे आपल्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायच्या किकचा, चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाबाहेर) जाण्याची वाट बघावी लागत नाही. आपल्याच खेळाडूला आतच पास देता येतो. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षकाला मागून, म्हणजे आपल्याच गोलपासून छोटे छोटे पास देत, खेळ बांधत आणायची हौस आलीय. आमच्यांनाही आली. गोलकीपरने शेजारच्या सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, हळूच पास दिला. त्याने तळव्याखाली चेंडू थांबवला, मान वर केली आणि विचारात पडला. हे सगळे एकमेकांना नुकतेच भेटलेले. कोण कुठे धावणार हे कुणालाच माहीत नाही. समोरच्या स्ट्रायकरला मात्र माहीत होतं. त्याने आल्या आल्या चेंडू काढून घेतला आणि रिकाम्या जाळ्यात सरकवला. आमचा सेंटर-बॅक अजून मान वर करूनच उभा. त्यानंतरही आम्ही मागूनच खेळ बांधत राहिलो. याला धोरण म्हणतात.

मध्यंतरानंतर अकराच्या अकरा बदलले. मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही संघांचं आधी ठरलं आणि पंचांच्या कानावर घातलं की वाटेल तेवढे बदली खेळाडू उतरवता येतात. त्यामुळे ज्याला शिव्या द्यायच्या म्हणून मी शब्द जुळवत होतो, तो आता अंगावर जॅकेट घालून बाकावर पाणी पीत होता. नव्यांच्या पाठीवर नावंच नाहीत, नुसते साठ-सत्तरच्या घरातले आकडे. त्यातला डावीकडून सुसाट सुटणारा एक पोरगा खरंच झकास होता. खेळाडूंची यादी उघडून बघितली, तर तो ‘चाचणी खेळाडू ब’, म्हणजे अजून करार न झालेला, नुसता पारखायला बोलावलेला. आता याच्या नावाने घोषणा कशी रचायची? ‘ब’ला यमक मिळेना. मिळेपर्यंत त्याला बाहेर काढलं आणि ‘क’ला आत घेतलं. क बद्दल न बोललेलंच बरं.

रात्री एका मित्राने समजूत घातली. त्याचा क्लब जुना आणि भरपूर करंडक जिंकलेला, त्यामुळे समजूतही वरच्या मजल्यावरून आली. ‘अरे, अमेरिकेतले अटलांटा युनायटेड २०१७ मध्ये तिथल्या लीगमधला पहिलाच सामना हरले आणि २०१८ मध्ये चॅम्पियन झाले. इंटर मायामी तर २०२० मध्ये पहिले पाच हरले होते.’ मला जरा उभारी आली. मग म्हणाला, ‘अर्थात सिनसिनाटीही होतं म्हणा. २०१९ मध्ये वरच्या लीगमध्ये आले, पंचाहत्तर गोल खाल्ले आणि तळाला गेले.’ मी विचारलं, ‘सराव सामन्यांत त्यांचं काय झालं होतं?’ तो म्हणाला, ‘ते कोण लक्षात ठेवतं?’ मी ठेवतो ना! माझ्याकडे दुसरं आहे काय?

क्लबचं निवेदन आलं. ‘खेळाडूंना मौल्यवान मिनिटं मिळाली, बरंच शिकायला मिळालं.’ चार-शून्यचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही प्रतिस्पर्ध्यांचे आभार मानता मानता. त्याखाली पुढच्या सराव सामन्याची सूचना होती: सामना बंद दाराआड होईल, प्रेक्षकांना प्रवेश नाही, प्रक्षेपण नाही, निकालही जाहीर होणार नाही.

तो सामना आपण तीन-एकने जिंकलो. एक गोल ‘ब’चा.