ऐरोलीकर, ‘पल्स’ परत एकदा लावा, पण या वेळी रिक राइटकडे बघा

ऐरोलीकर, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. बाकीच्यांसाठी सांगतो, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘पल्स’ या कॉन्सर्टच्या डीव्हीडीवर मी जे लिहिलं त्यावर यांचं म्हणणं असं की बँडचा गीतकार रॉजर वॉटर्स नाही म्हणजे हा महागडा कव्हर बँड, दुसऱ्याची गाणी वाजवणारा, स्टेजवर भाड्याच्या माणसांची गर्दी, पिक्चर धूसर, सगळे जाडे दिसतात, आणि मी कॉलेजच्या आठवणींपायी कौतुक करतोय.

पिक्चरचं आधी उरकतो. 20 ऑक्टोबर 1994 ला लंडनच्या अर्ल्स कोर्टला हे शूट झालं ते व्हिडिओ टेपवर. फिल्म असती तर आज परत स्कॅन करून लख्ख करता आली असती, टेपवर तेव्हा जेवढं उतरलं तेवढंच, त्याला इलाज नाही. पण जाडे दिसतात तो दोष डीव्हीडीचा नाही हो, ती 4:3 मध्ये, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात आहे आणि तुमचा टीव्ही ती ताणतोय. स्टेजमागचा गोल पडदा अंड्यासारखा दिसत असेल तर सेटिंग बदला आणि मग बघा.

आता वॉटर्स. ‘पल्स’मध्ये अख्खा वाजवलाय त्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अल्बममधला शब्दन् शब्द त्याचा आहे आणि 1985 ला तो बाहेर पडला, यावर वादच नाही. पण कोण नाही हे मोजताना कोण आहे तिकडे तुमचं लक्षच गेलं नाही असं मला वाटतं. रिक राइट, बँडचा कीबोर्डवाला. ‘द वॉल’ अल्बमच्या वेळी याला बँडमधून काढलं, आणि त्याच ‘वॉल’च्या शोजमध्ये हा पगारी वादक म्हणून वाजवत होता, स्वतःच्याच बँडमध्ये! 1994 ला तो परत पूर्ण मेंबर होऊन बसलाय, आणि 1975 नंतर पहिल्यांदा त्या वर्षी ‘डार्क साइड’ अख्खा वाजवायला घेतला. त्यातल्या ‘टाइम’ गाण्यात गिटारवाल्या गिल्मोरचं कडवं संपतं आणि राइटचा तो मऊ, थोडा थकलेला आवाज येतो ना, तिथे मी दरवेळी थांबतो. 1973 ची रेकॉर्ड काढली तेव्हा ती पोरं तिशीचीही नव्हती आणि गात होती वेळ हातातून गेल्याचं, इथे तेच शब्द पन्नाशीला आलेली माणसं गातायत. याला कव्हर कसं म्हणायचं?

आणि ज्यांना तुम्ही भाड्याचे म्हणालात त्यातले सॅक्सोफोनवाले डिक पॅरी मूळ रेकॉर्डवरचेच आहेत.

कॉलेजचं म्हणाल तर डीव्हीडी आली 2006 ला, मी नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. नौपाड्यातल्या आमच्या घरी दादाने आणली, रविवारी दुपारी लावली, आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ सुरू झालं तशी आई हात पुसत बाहेर आली. इंग्रजी गाण्यांशी तिचा काही संबंध नाही, पण गडकरी रंगायतनला राम मराठे संगीत समारोहाला ती वर्षानुवर्षं जायची. दारातच उभी राहिली, कणकेचा हात तसाच पदरात धरलेला. म्हणाली, “अरे, या शब्द म्हणतच नाहीयेत, नुसता आलाप आहे.” मूळ रेकॉर्डवर क्लेअर टोरी एकटी गायली होती, इथे तिघींनी वाटून घेतलंय, आणि प्रत्येकीची ताकद वेगळी. तेव्हापासून मला ते चीजेसारखंच वाटतं, एकच चीज कुणी संथ मांडतं, कुणी तारसप्तकात घेऊन जातं, म्हणून आपण तिला नक्कल म्हणत नाही ना. आणि ही चाल कुणाची? पियानोवर मान खाली घालून बसलेल्या त्याच राइटची.

2005 ला लाइव्ह एट या मदतीसाठीच्या कॉन्सर्टला वॉटर्स धरून चौघं एकत्र आले होते, ते तुम्हाला जास्त खरं वाटतं असं लिहिलंत. मलाही ते बघून भरून आलं होतं. पण ती चार-पाच गाणी होती, आणि 2008 ला राइट गेला. त्याला अख्खा ‘डार्क साइड’ वाजवताना बघायचं तर मी ‘पल्स’च लावतो.

तुम्ही ऐरोलीला, मी ठाण्याला, ट्रान्सहार्बरने दोन स्टेशनं. येत्या रविवारी दुपारी खरंच या घरी, टीव्ही 4:3 वर लावून ठेवतो, आई पण असेल.