कूलरची तिसरी पिन काढायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

नवतपा, म्हणजे मे-अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला आणि घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून राहिला. "आयएसआय म्हणजे लुटायचा धंदा, जागे व्हा" आणि खाली मुद्दे. एरवी मी सोडून देतो, पण या वेळी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या मोठ्या आईनं तो वाचून कूलरचा थ्री पिन प्लग काढून टू पिन बसवून घेतला. टिनाच्या कूलरला! म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. मेसेज म्हणतो, "मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना, त्यानं कोणी मरतं का? कूलर लाकडी स्टुलावर ठेवा, तिसऱ्या पिनेची गरज नाही."

अरे बाप्पा, चार्जर प्लास्टिकचा असतो. त्याला इन्सुलेशनचे दोन थर असतात आणि तशी खूण त्याच्यावर छापलेली असते, चौकोनाच्या आत चौकोन, आत्ता हातात घेऊन पाहा. त्याला अर्थिंग, म्हणजे तिसऱ्या पिनेतून जमिनीत जाणारी वायर, लागत नाही. आपला कूलर म्हणजे टिनाचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, वर मोटर. पंपाची वायर कुठं सोलली गेली की करंट सरळ बॉडीत उतरतो. घरगुती विजेच्या वस्तूंचं भारतीय मानक आहे, आयएस 302, त्यात हे स्पष्ट आहे की अशा वस्तूचा हात लागेल असा धातूचा भाग, ज्यात इन्सुलेशन बिघडल्यावर करंट येऊ शकतो, तो अर्थिंगला कायमचा आणि पक्का जोडलेला पाहिजे. तिसरी पिन लांब असते तीही यासाठीच, प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते.

अर्थिंग चांगलं असलं तर उतरलेला करंट त्या वायरनं जमिनीत जातो आणि इतका जातो की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बोर्डावरचं बटण, पडतो, म्हणजे बिघाड लगेच कळतो. लाकडी स्टुलावरचा बिनअर्थिंगचा कूलर मात्र करंट अंगात घेऊन तसाच उभा राहतो, पंखा फिरतोय, पाणी पडतंय, कोणाला पत्ता नाही, आणि मग कोणीतरी अनवाणी ओल्या फरशीवर उभं राहून पाणी भरायला त्याला हात लावतं. तेव्हा करंटला जमिनीत जायचा रस्ता तो माणूसच असतो. स्टूल कूलरच्या खाली आहे ना, माणसाच्या खाली नाही!

"एमसीबी आहे, मग भीती कशाची" हेही लिहिलंय. 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. छातीतून 0.1 अँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकतं, तेवढ्यानं एमसीबी हलत पण नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारं बटण, 30 मिलिअँपिअरचा (0.03 अँपिअर).

आता "आयएसआयचा शिक्का कोणीही छापतं". हे, मान्य करावं लागेल, अर्धं खरं आहे. मोठ्या आईकडच्याच एक्स्टेंशन बोर्डावर शिक्का होता, खालचा सीएम/एल नंबर बीआयएसच्या, म्हणजे हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला तर लायसन्स निघालं प्लायवूडचं. पण खोटेपणा पकडला कशानं, त्या नंबरानंच ना? शिक्क्याच्या वर आयएस नंबर असतो, खाली लायसन्स नंबर, अ‍ॅपवर कंपनीचं नाव, वस्तू, मुदत सगळं दिसतं. पाणी तापवायच्या रॉडवर आयएस 368 पाहिजे. आणि गल्लीत बनवून घेतलेल्या कूलरच्या मोटरवर शिक्का आहे म्हणजे अख्खा कूलर पास झाला असं नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

"सीई लिहिलंय म्हणजे युरोपनं तपासलं" हे चूक. घरगुती विजेच्या सामानावर ती खूण कंपनी स्वतःच्याच जबाबदारीवर लावते आणि ती युरोपच्या बाजारासाठी आहे, आयएसआयच्या बदल्यात चालत नाही. आणि पाच स्टारचं लेबल म्हणजे बिल कमी, शॉकशी त्याचा संबंध नाही.

मोठी आई म्हणते जुन्या घरात सॉकेटच टू पिन आहेत, तर काय करू. बरोबर आहे तिचं, तिसरी पिन लावून मागं अर्थिंगची वायर नसेल तर उपयोग शून्य. रविवारी वायरमन येतोय, अर्थिंगची वायर ओढून थ्री पिन सॉकेट आणि मेनवर आरसीसीबी बसवतोय. तोपर्यंत कूलर बंद ठेवलाय आणि ती माझ्यावर रागावून आमच्याकडे राहायला आली आहे.